बास म्हणणारं माणूस

जैनबने आतून "बास" म्हटलं आणि हैदरची कानस थांबली नाही.

मिरजेच्या त्या गल्लीत तंबोरे बनवणारी घरं आता फारशी उरलेली नाहीत, आणि जी आहेत त्यांत जवारी काढायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हैदरच्या घरची तऱ्हा अशी, की कानस धरणारा पुढच्या खोलीत बसतो, पण थांबायचं केव्हा हे तो ठरवत नाही. ते ठरवतं आतल्या दारातलं माणूस. हैदरचे अब्बा घोडी घासायला बसले की अम्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसायची. अब्बा दोन हात मारायचे, तार छेडायचे, पुन्हा दोन हात मारायचे. मधेच कधीतरी अम्मी मान वर न करता म्हणायची, "बास." अब्बा त्या क्षणी कानस खाली ठेवायचे. आणखी एक हात मारावा असं मनात कितीही आलं तरी मारायचे नाहीत.

तंबोऱ्याच्या चारही तारा ज्या आडव्या पट्टीवर टेकतात ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण तसा नसतो. त्याला इतका हलका उतार असतो, की डोळ्याला तो दिसत नाही आणि बोटालाही जेमतेम लागतो. तार त्या उतारावर निसटती घासत थरथरते, आणि एका सुराच्या पोटातून कितीतरी सूर बाहेर येतात. कारागीर म्हणतात, जवारी उघडली. उतार कमी पडला तर आवाज कोंडतो, जास्त झाला तर फाटतो. आणि एकदा घासलेलं परत भरता येत नाही. अब्बा म्हणायचे, "जवळ बसणाऱ्याच्या कानाला हाव सुटते बेटा. त्याला कानशीचाच आवाज ऐकू येतो. लांब बसलेल्याला विचारावं."

अम्मी गेल्यावर उंबऱ्यावरची जागा सुनेकडे, म्हणजे जैनबकडे आली. लग्न होऊन या घरात आली तेव्हा आपल्याला तंबोरा आणि पातेलं यांच्या आवाजातला फरकही सांगता येत नव्हता, असं ती स्वतःच हसत सांगते. बसून बसून तिचा कान तयार झाला. अब्बांनी तिचा "बास" पहिल्यांदा मानला, त्या दिवशी तिने गल्लीभर शिरखुर्मा वाटला होता. ईद लांब होती, म्हणून लोकांनी विचारलं, काय झालं? तिला धड सांगताही आलं नाही.

असा तो "बास". तो कानावर पडूनही हात चालू राहावा, असं त्या घरात आजवर कधी झालं नव्हतं. ते कसं झालं हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

ते दिवस असे होते, की यंत्रं कोणाच्याही गळ्यातून गाऊ लागली होती. मेलेल्या गवयांची नवी गाणी रोज निघत. लोकांनी ती हौसेने ऐकली, मग त्यांना त्यांचा वीट आला, आणि माणसाने माणसासमोर बसून गायलेल्या गाण्याला पुन्हा भाव आला. हाताने केलेल्या तंबोऱ्यांसाठी मिरजेत रांग लागली. नेमके त्याच वर्षी अब्बा गेले.

हैदर आधी रडला, मग शांत झाला, आणि मग त्या शांततेतून बाहेरच आला नाही. सकाळी उठून कामाच्या चौरंगापुढे बसायचा, कानस हातात घ्यायचा आणि तशीच धरून ठेवायचा. अर्धवट भोपळे भिंतीला टेकून वाट बघत होते. जैनब चहा ठेवून जायची, तो निवायचा. दु:ख होतंय का विचारलं तर म्हणायचा, "नाही गं. काहीच होत नाहीये." शेवटी तीच त्याला हाताला धरून सांगली रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर हेमांगी रेग्यांकडे घेऊन गेली. हे पुढे तिला फार लागलं. पण दुसरी कोण बायको वेगळं वागली असती?

डॉक्टर रेगे स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी टेबलावर दोन कप थोडं अंतर ठेवून मांडले.

"मेंदूतल्या दोन पेशींमध्ये अशी फट असते, हैदरभाई. इकडची पेशी त्या फटीत डोपामिन सोडते, तिकडची झेलते. लोक डोपामिनला आनंद म्हणतात, पण आनंद वेगळा. डोपामिन म्हणजे ओढ. हे महत्त्वाचं आहे, याच्यामागे लाग, सोडू नकोस, हे सांगणारं रसायन. तुमची ती ओढ आटली आहे."

"चहा घेतला की जरा बरं वाटतं," हैदर म्हणाला.

"चहा ओढ वाढवत नाही फारशी. शरीर मेंदूला दमल्याचा निरोप धाडत असतं, चहा तो निरोप दारात अडवून धरतो. दमणूक असते तिथेच असते. जुनी उत्तेजकं त्याच्या फार पुढची. ती फटीत डोपामिनचा पूर आणायची. माणूस दोन दिवस न झोपता काम करायचा, स्वतःला बादशहा समजायचा. पण मेंदू काही मूर्ख नाही. पूर आला की तो झेलणारे हात काढून घेतो. मग औषध उतरलं की साध्या गोष्टींचं साधं डोपामिन झेलायला हातच उरत नाहीत. मुलाचं हसणं फिकं, जेवण फिकं, सगळंच फिकं. म्हणून त्या औषधांना आम्ही घाबरायचो."

मग त्यांनी खणातून ती पट्टी काढली. टिकलीपेक्षा जराशी मोठी, कानामागे चिकटवायची. तिच्या पोटात केसाहून बारीक सुया होत्या. मेंदूतली ओढ वर चालली आहे की खाली, हे ती क्षणोक्षणी वाचायची, आणि खाली घसरली की औषधाचा अगदी बारीक थेंब रक्तात सोडायची.

"ही पूर आणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खड्डा पडला तर तेवढाच भरते."

जैनबने विचारलं, "आणि पुरेसं झालं हे तिला कोण सांगतं?"

"तिचं तिलाच कळतं, भाभी."

पट्टी वाईट होती असं म्हणून मोकळं होता येत नाही. ती चांगली होती, म्हणून तर पुढचं सगळं झालं. पंधरवड्यात हैदर माणसात आला. लाकडावरून रंधा फिरवताना गुणगुणू लागला. वर्षानुवर्षं हाताखालून गेलेल्या तूणीच्या लाकडातल्या रेषा त्याला आता बघत राहाव्याशा वाटत. पडून राहिलेले तंबोरे एकेक करून उभे राहिले. तो जैनबला अब्बांच्या गोष्टी सांगायचा, सांगताना त्याचे डोळे भरायचे आणि तरी तो हसायचा. जैनबने दर्ग्यात जाऊन चादर चढवली. आपला नवरा आपल्याला परत मिळाला, असं तिला वाटलं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

फरक आधी ताटावर दिसला. ती दोघं नेहमी बरोबर जेवायची. एके दिवशी त्याच्या ताटात भाकरी संपली तशी जैनबने दुसरी वाढली, मग तिसरी, मग चौथी. तो खुंट्यांच्या नव्या लाकडाबद्दल बोलत होता आणि खात होता. हात आडवा करून "बास" म्हणण्याची त्याची सवय, ती कुठे गेली? जैनब हसून म्हणाली, "आज भूक लागलीय वाटतं." तिने मुद्दाम पाचवी वाढली. त्याने तीही खाल्ली. मग मात्र तिला हसू आलं नाही. त्यानंतर त्याला किती वाढायचं हे तीच ठरवू लागली. वाढता वाढता आपलं ताट तिने मागे ठेवलं आणि एकटीच नंतर जेवू लागली.

मग त्याने अब्बांचा जुना रेडिओ उघडला. बिघडला होता म्हणून नव्हे, सहज. त्यातले स्क्रू, तारा, चकत्या त्याने चादरीवर ओळीने मांडल्या. लहानापासून मोठ्यापर्यंत, मग मोठ्यापासून लहानापर्यंत, मग रंगाप्रमाणे. दुपार गेली.

"जोडणार कधी?" जैनबने विचारलं.

"जोडायचा कशाला? बघ तरी किती छान दिसतंय."

ती बघत राहिली. एक माणूस इतका सुखात बसलेला आहे आणि आपल्याला त्याची भीती वाटते आहे, हे तिला कोणाला सांगावं ते कळेना. दवाखान्यातल्या तपासणीत आलेख सरळ रेघेत होता. डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? हैदर म्हणाला, छे, कसली तक्रार, कामाला बहर आलाय. जैनब शेजारीच बसली होती. तक्रार काय करणार? नवरा आनंदात आहे, अशी?

आणि मग एकदा तंबोरा पुढ्यात घेऊन बसताना तो म्हणाला, "तू आता दारात नाही बसलीस तरी चालेल. मला आतूनच कळतं. प्रत्येक हात बरोबर पडतोय."

त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं, तिची दगदग वाचावी म्हणून. जैनबला ते एखाद्या थपडेपेक्षा जास्त लागलं. तरीही ती बसत राहिली. तिचा "बास" यायचा आणि हैदरचे आणखी दोन-चार हात व्हायचे, मग तो थांबायचा. तंबोरे चांगलेच निघत होते. तिने मनाची समजूत घातली.

सुमित्राबाई केळेकरांची जोडी आली ती या दिवसांत. सुमित्राबाई ऐंशीच्या घरातल्या गायिका. गळा थकला होता, पण गाणं थकलं नव्हतं. त्यांची तंबोऱ्यांची जोडी अब्बांनी तरुणपणी केलेली, आणि घोड्यांच्या माथ्यावर सांबरशिंगाच्या पट्ट्या होत्या. सांबरशिंगाचा व्यापार कायद्याने कधीचाच बंद झालेला. तसं शिंग आता मिळत नाही, आणि मिळालं तरी कोणी शहाणा हात लावत नाही. दर वेळी जवारी काढताना त्या पट्ट्या केसभर झिजल्या होत्या, तरी अजून पुरेशा जाड होत्या. उरुसात दर्ग्याच्या आवारात एकदा शेवटचं गायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. "अब्बांनी जशी बोलकी केली होती तशी करून दे," एवढंच त्या फोनवर म्हणाल्या.

हैदर सकाळी जोडीतला पहिला तंबोरा घेऊन बसला. जैनब उंबऱ्यावर मेथी निवडायला बसली. कानस दोनदा फिरली, तार छेडली गेली, कानस फिरली, तार. थोड्याच वेळात सूर उमलला. जैनबच्या हातातली जुडी तशीच राहिली. अब्बा गेल्यापासून असा आवाज या घरात निघाला नव्हता.

"बास," ती म्हणाली.

कानस थांबली नाही. नेहमीसारखे दोन-चार हात झाले, आणखी झाले. आवाज काठावर आला, काठ ओलांडून पलीकडे गेला. जैनब मोठ्याने म्हणाली, "अहो, बास!" तो हसून म्हणाला, "हो, हो. हा एकच." ती उठून त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याचं मनगट धरलं. त्याने ते हळूच सोडवून घेतलं, जसं लहान मुलाला बाजूला करतात तसं, आणि पुन्हा घासू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जैनब म्हणजे कोण, हे त्या क्षणी त्याच्या लेखी तितकंसं महत्त्वाचं नव्हतं, एवढंच.

जैनब मागच्या दारी जाऊन पायरीवर बसली. त्या घरात घोडी घासली जात होती आणि ऐकायला दारात कोणी नव्हतं.

हैदरला आतून विचाराल तर त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर सकाळ होती. प्रत्येक हात बरोबर पडत होता. प्रत्येक हातानंतर सूर अगदी हाकेच्या अंतरावर येत होता, आता पुढच्या हाताला उघडणार, आता पुढच्या. तो थकला नाही, कंटाळला नाही, त्याला तहान लागली नाही. उन्हं उंबऱ्यावरून आत सरकली, पायांपर्यंत आली. आणि मग कानशीचा आवाज बदलला.

शिंगावर कानस कुरकुरते. लाकडावर ती फसफसते. हा फरक त्याला लहानपणापासून माहीत होता. त्याने खाली पाहिलं. शिंगाची पट्टी मधोमध संपली होती आणि खालचं लाकूड उघडं पडलं होतं. पांढरी भुकटी त्याच्या मांडीवर, चौरंगावर, जमिनीवर पसरली होती. त्याने तार छेडली. टप्प, एवढाच आवाज आला. आणि याहून भयंकर गोष्ट पुढेच होती. त्याला वाटलं, अजून एक हात मारला तर उघडेल.

हे वाटणं त्याने स्वतःच पकडलं, यात त्याची थोडी पुण्याई असावी. त्याने दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर मेथीची जुडी होती, माणूस नव्हतं. "जैनब," त्याने हाक मारली. त्याने कानामागे हात नेला आणि पट्टी ओढून काढली.

दवाखान्यात दोघांसमोर डॉक्टर रेग्यांनी त्याचे सगळे आलेख पडद्यावर आडवे लावले आणि एकेक करून तपासले.

"हे बघा," त्या शेवटी म्हणाल्या. "काम मनासारखं झालं, की ओढ जराशी खाली येते. हवं ते मिळालं नाही तरी खाली येते. हा उतार म्हणजेही निरोपच असतो. मेंदू सांगत असतो, झालं, सोड आता. आम्ही पट्टीला शिकवलं होतं, की ओढ खाली आली म्हणजे माणूस मंदावला, थेंब सोड. मंदावल्याचा उतार आणि झाल्याचा उतार, तिला दोन्ही सारखेच दिसले. ती एकूण एक भरत गेली. थेंबाथेंबाने शेवटी पूरच आला."

"आणि रेडिओचे स्क्रू?" जैनबने विचारलं.

"गेल्या शतकात जास्त उत्तेजकं घेणाऱ्यांत हे पाहिलेलं आहे. घड्याळं उघडायची, तुकडे मांडत बसायचे, तासन्‌तास. कशासाठी हे त्यांना सांगता यायचं नाही. एवढ्या बारीक मात्रेला ते होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. तक्रार नाही म्हणून मीही खोलात शिरले नाही. ही चूक आमची."

हैदर पडद्यावरच्या त्या सरळ रेघेकडे बघत होता. एवढासा उतार, डोळ्याला न दिसणारा. तो घासून सपाट केला की काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

"माझा कान परत येईल?" त्याने विचारलं.

"कानाला काहीच झालेलं नाही. ऐकू सगळं येईल. भिडायला वेळ लागेल. झेलणारे हात परत उगवतात, पण सावकाश. कोणाला महिने लागतात, कोणाला वर्ष. काहींचे पुरते येत नाहीत. खोटा धीर देत नाही मी."

आधी तो नुसता झोपला. मग जागा झाला आणि सगळं राखाडी होतं. अब्बा गेल्यानंतरची शांतता तरी अब्बांची होती, ही कोणाचीच नव्हती. तो तार छेडायचा, सूर लागला आहे हे त्याला नेमकं कळायचं, आणि त्याचं काहीच व्हायचं नाही. जैनब त्याच्यासमोर रडली तेव्हा तिचे डोळे पुसावेत हे त्याला आठवलं, तसं वाटलं मात्र नाही. त्याने ते पुसले. ती म्हणाली, "उगाच नका पुसू." पुढे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं राहिलं. ती वाढायची, तो ताटात पडेल तेवढं खायचा.

सुमित्राबाईंना त्याने स्वतः फोन करून सगळं सांगितलं होतं. त्या एक दिवस सरळ मिरजेला आल्या. घोडी हातात घेऊन त्यांनी मधल्या खाचेवरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"वाईट वाटलं रे," त्या म्हणाल्या. "फार वाईट वाटलं. पण उरूस आहे आणि मला गायचं आहे. नवी घोडी कर."

"बाई, मला आता जवारी उघडलेली कळत नाही. दुसरीकडे द्या. मी नावं सांगतो."

"अब्बांना तरी कुठे कळायची? ते आतल्या आवाजाची वाट बघायचे. मी पाहिलंय ना." त्या जैनबकडे वळल्या. "जोडी याच घरातून येईल. काय गं?"

जैनबने ती घासलेली घोडी त्यांच्या हातून घेतली आणि फडक्यात गुंडाळली.

उंटाच्या हाडाची पट्टी आली. हैदरने ती कापली, लाकडी पायावर बसवली, घोडी तंबोऱ्यावर लावली. इथवर हाताच्या सवयीने झालं. मग कानस हातात आली आणि हात थांबला. कुठून सुरुवात करायची आणि कुठे सोडायचं, आतून कसलाच निरोप येत नव्हता. खणात ती कानामागची पट्टी होती. डॉक्टरांना परत द्यायची राहून गेलेली, निदान त्याने स्वतःला तसं सांगितलेलं. एक सकाळ लावली तर? बाईंचं शेवटचं गाणं होतं. अब्बांची इभ्रत होती. त्याने ती काढून चौरंगावर ठेवली. राखाडी झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला कशाची तरी ओढ वाटली होती, आणि ती ओढ त्या टिकलीएवढ्या पट्टीची होती. हे त्याला कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली. निदान लाज वाटायला हवी, हे कळलं.

जैनब दारात उभी होती.

"लावायची असेल तर लावा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमचं डोकं आहे. पण मग मी या उंबऱ्यावर बसणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. माझं ऐकायला कोणी नसेल तर मी कोणासाठी ऐकू?"

हैदर बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला. पट्टीकडे बघितलं की छातीत काहीतरी हलायचं. जैनबकडे बघितलं की काहीच हलायचं नाही. अठराविश्वे दारिद्र्य म्हणतात तसं झालं होतं त्याच्या आत. पण जिच्याकडे बघून हलायला हवं ती ही आहे, एवढं त्याच्या ध्यानात होतं, आणि तेवढ्या ध्यानावरच त्याने निवड केली. पट्टी उचलून तिच्या हातावर ठेवली.

"बस," तो म्हणाला. "तू म्हणशील तिथे सोडतो."

"मलाही सवय राहिली नाही आता."

"तरी बस."

ती बसली. या वेळी हातात निवडायला काही नव्हतं. कानस दोनदा फिरली, तार छेडली गेली. हैदरला तारेत लाकूड ऐकू येत होतं, भिडणारं काही नाही, फक्त लाकूड. कानस, तार. कानस, तार. मधे एकदा जैनब म्हणाली, "जरा पंचमाच्या तारेखाली," आणि त्याने तिथे हात मारला. मधे एकदा ती डोळे मिटून इतका वेळ गप्प राहिली, की त्याला वाटलं तीही विसरली. गल्लीतून कोणाची तरी गाडी गेली. त्याने पुन्हा कानस उचलली, माथ्यावर टेकवली.

"बास."

त्याला काहीच वाटलं नव्हतं. आवाज आधी जसा होता तसाच होता त्याच्या लेखी. आणखी एक हात मारू नये असं सांगणारं त्याच्या आत कोणी नव्हतं. त्याने कानस उचलली आणि खाली ठेवली.

"उघडली?" त्याने विचारलं.

जैनबने होकारार्थी मान हलवली.

"कसा आहे आवाज? सांग ना."

तिने डोळे पुसले. "सांबरशिंगासारखा नाही. जरा कोवळा आहे. पण अम्मी लसूण सोलायची ना, आणि अब्बा इकडे बसायचे... तेव्हा घर असायचं तसा आहे."

"मला लाकूडच ऐकू येतंय अजून."

"येऊ दे. मला येतंय ना."

दुसऱ्या तंबोऱ्याची जवारीही तशीच निघाली, आणि उरुसातल्या सकाळच्या बैठकीला दोघं गेली. सुमित्राबाईंनी षड्ज लावण्याआधी नुसते तंबोरे वाजू दिले, आणि आवारातली कुजबुज आपोआप थांबली. बाईंनी डोळे मिटूनच मान किंचित तुकवली. सूर चोख आहे हे हैदरला कळलं. आपल्याला आता फार आनंद व्हायला हवा हेही कळलं. तो तंबोऱ्यांकडे न बघता जैनबच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि जवारी कशी आहे ते त्याने तिथे पाहिलं.

दोघं घरी आली तेव्हा दुपार झाली होती. जैनबने डाळ-मटणाचा दालचा गरम केला, भात केला. हैदर पाटावर बसला. ती वाढत होती आणि बाईंच्या ताना, बाईंचा थकलेला पण खरा गळा, पुढे बसून मान डोलावणारा तो जाडजूड माणूस, असं काय काय सांगत होती. तो खात होता. तिने दुसऱ्यांदा भात वाढला. तिसऱ्यांदा वाढायला, बोलता बोलता, सवयीने, पळी ताटावर नेली.

हैदरचा हात ताटावर आडवा आला.

"बास," तो म्हणाला.

पळी जागच्या जागी थांबली. तो स्वतःच आपल्या हाताकडे बघत होता. हात तिथे कोणी नेला, हे त्यालाही नीट कळलं नव्हतं.

"भरलं पोट?" जैनबने अगदी हळू विचारलं.

त्याने क्षणभर थांबून आत पाहिलं. आनंद नव्हता, गोडी नव्हती. पण कुठेतरी काहीतरी, इवलंसं, खाली उतरलं होतं.

"हो," तो म्हणाला. "भरलं."

जैनबने पळी पातेल्यात ठेवली, आपलं ताट घेतलं, आणि ती त्याच्या शेजारी जेवायला बसली.